चिंतन करायचं म्हणजे बसून नेमकं काय करायचं?

सावकाश

नमस्कार. ध्यानावर लिहिलेलं पुष्कळ सापडतं. चिंतनाबद्दल शोधलं तर मात्र सुविचार मिळतात, कृती मिळत नाही. म्हणून हा धागा.

एखादं वचन किंवा प्रश्न घेऊन रोज वीस-पंचवीस मिनिटं बसायचं, इथवर स्पष्ट आहे. बसल्यावर मात्र तीनपैकी एक गोष्ट हटकून होते. एक तर वचनाचा अर्थ दोन मिनिटांत लागतो आणि पुढे करण्यासारखं काही उरत नाही. किंवा विचार वचनावरून सरकतो, उद्याच्या कामांवर जातो आणि तिथेच घोळत राहतो. तिसरं म्हणजे पेंग.

म्हणून विचारतो:

१. चिंतन, मनन, निदिध्यासन आणि ध्यान यांत कृतीच्या दृष्टीने फरक काय? का एकाच गोष्टीची ही चार नावं?
२. बैठकीत मिनिटागणिक काय करायचं? क्रम असेल तर सांगा.
३. वरच्या तीन अडचणी कशामुळे येतात आणि त्यावर उपाय काय?

‘मन आपोआप शांत होईल’ हे उत्तर कृपया नको. काय करायचं तेवढं हवं आहे.

---

धातुपाठ

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. शब्दांचा हा गोंधळ बैठकीतही उतरतो, म्हणून तो आधी सोडवलेला बरा.

व्युत्पत्तीची फार मदत होत नाही. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘ध्यै’चा अर्थच ‘चिन्तायाम्’ असा दिला आहे, म्हणजे मुळात ध्यान हेही चिंतनच. फरक पडला तो वापराने. बृहदारण्यक उपनिषदात (२.४.५) याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतात की आत्मा पाहायचा, त्यासाठी तो ऐकायचा, त्याचं मनन करायचं, निदिध्यासन करायचं. पुढे वेदान्ताच्या परंपरेने या तिघांना तीन वेगळी कामं नेमून दिली. माझ्या मते सगळी किल्ली या वाटणीत आहे.

श्रवणाचं काम एवढंच की वचन काय म्हणतं ते चोख कळावं. मननाने ‘हे असं असेल कसं?’ ही शंका फिटायला हवी. या शंकेला असंभावना म्हणतात. निदिध्यासनाचा रोख तिसऱ्याच गोष्टीवर असतो. वचन कळलं, पटलंही, तरी मन जुन्या सवयीने उलटंच धरून बसतं, ती विपरीतभावना.

साधं उदाहरण घ्या. ‘रागाच्या भरात बोलू नये.’ हे कळायला दोन सेकंद लागतात, पटायला अर्धा मिनिट. आणि तरी राग आला की तोंड सुटतंच. इथे आणखी युक्तिवाद करून उपयोग नाही, कारण शंका उरलेलीच नाही. उरली आहे ती सवय, आणि ती त्याच वाक्यापाशी पुन्हा पुन्हा येऊन बसल्यानेच झिजते. तेव्हा सावकाश, ‘दोन मिनिटांत अर्थ लागला’ असं तुम्ही म्हणता तेव्हा फक्त श्रवण संपलेलं असतं. खरं काम तिथून पुढे आहे.

‘निदिध्यासन’ शब्दाची घडणही पाहण्यासारखी आहे. ‘ज्ञा’पासून ‘जिज्ञासा’ होते, म्हणजे जाणायची इच्छा. त्याच रीतीने ‘ध्यै’पासून ‘दिध्यासा’. शब्दाच्या पोटातच ओढ आहे. मराठीत आपण ‘ध्यास’ म्हणतो तेव्हा जे अभिप्रेत असतं, ते याच्या फार जवळचं.

आता इंग्रजी पुस्तकं वाचणाऱ्यांसाठी एक धोक्याची खूण. बाराव्या शतकात ग्विगो दुसरा या कार्थुसियन (एका ख्रिस्ती मठपंथाच्या) संन्याशाने ख्रिस्ती साधनेची चार पायऱ्यांची शिडी मांडली: लेक्शियो म्हणजे वाचन, मेडिटाशियो म्हणजे मनन, ओराशियो म्हणजे प्रार्थना आणि शेवटची कॉन्टेम्प्लाशियो, म्हणजे विचार थांबून त्या सान्निध्यात नुसतं असणं. आजच्या बोलण्यात हे बरोबर उलटं झालं आहे. मेडिटेशन म्हणजे विचार थांबवणं आणि कॉन्टेम्प्लेशन म्हणजे खोल विचार, असं आपण धरून चालतो. त्यामुळे एक पुस्तक सांगतं ‘कॉन्टेम्प्लेशनमध्ये विचार सोडा’ आणि दुसरं सांगतं ‘विचार करा’. दोन्ही आपापल्या परिभाषेत बरोबर आहेत. लेखक कुठल्या परंपरेतून बोलतो हे पाहिल्याशिवाय त्याच्या सूचना पाळायला घेऊ नयेत.

जाता जाता, लॅटिन ‘टेम्प्लुम’ म्हणजे शकुन पाहण्यासाठी आखून घेतलेली जागा. आधी हद्द आखायची, मग तिच्या आत काय येतं ते पाहायचं. ‘कॉन्टेम्प्लाशियो’ हा शब्द तिथून आला आहे.

---

बैठक

धातुपाठ यांचा प्रतिसाद उत्तम. ‘आधी हद्द आखायची’ हे सूत्र धरूनच क्रम सांगतो, कारण चिंतन फसतं ते बहुतेक वेळा हद्द न आखल्यामुळे.

वचन निवडणं. पाच ते पंधरा शब्द पुरेत. क्रियापद असलेलं पूर्ण वाक्य घ्यावं. नुसता ‘शांती’ किंवा ‘करुणा’ असा शब्द घेतला तर मनाला धरायला खाच मिळत नाही, ते त्यावरून घसरतं. पूर्ण पटलेलं वाक्य नको आणि अजिबात न कळणारंही नको. कुठेतरी खुपणारं हवं. आणि एकच वाक्य सात दिवस. रोज नवं वाक्य घेतलं की रोज फक्त श्रवण होतं.

बसणं. गुडघे कमरेच्या पातळीखाली राहिले पाहिजेत. मांडी घालून बसणाऱ्यांनी साधारण १० ते १५ सेंटिमीटर उंचीची घट्ट उशी किंवा घडी बुडाखाली घ्यावी, तीही फक्त मागच्या बाजूला. मांड्या त्या उंचीवर येता कामा नयेत. असं केलं की कमरेचा घेर किंचित पुढे झुकतो आणि पाठ कणा न ताणता उभी राहते. उशी नसेल तर कंबर मागे ढळते, पाठीला पोक येतं, आणि दहाव्या मिनिटाला लक्ष वचनावर नसतं, कमरेवर असतं. खुर्ची चालते, तिच्यात काही उणं नाही. पावलं पूर्ण टेकलेली हवीत, गुडघे काटकोनात. आसन फार उंच नको, फार खाली नको, आणि धड, मान, डोकं एका रेषेत, एवढंच गीतेच्या सहाव्या अध्यायात (११ आणि १३) सांगितलं आहे. डोळे अर्धे उघडे ठेवून नजर दोन-तीन हात पुढे जमिनीवर सोडावी.

वेळेची वाटणी, एकूण २५ मिनिटं.

पहिली ३ मिनिटं श्वास. सोडताना आकडा मोजायचा, एक ते दहा, पुन्हा एक. चुकलात तर एकपासून. इथे एकाग्रता साधायची नाही, आधीच्या कामाचा वेग उतरवायचा आहे.

पुढची ४ मिनिटं वाचन. वाक्य पाठ असलं तरी कागदावर लिहून डोळ्यांनी वाचावं. एकदा मोठ्याने, एकदा शब्दाशब्दावर थांबत, एकदा मनात. या तीन वाचनांत एखादा शब्द अडतोच. त्या दिवसाचं काम त्या शब्दाशी.

मग १० मिनिटं मनन. इथे बहुतेकांना काय विचार करायचा हेच सुचत नाही, म्हणून चार प्रश्न ठरवून ठेवावेत आणि याच क्रमाने विचारावेत: हा शब्द इथे का, दुसरा का नाही? याच्या उलट वाक्य खरं ठरेल अशी जागा आहे का? हे कुठे लागू पडत नाही? कालच्या दिवसात हे नेमकं कुठे होतं?

एक उदाहरण जवळून पाहू. ईशावास्य उपनिषदाच्या पहिल्या मंत्राचा शेवट: ‘मा गृधः कस्य स्विद्धनम्’. नेहमीचा अर्थ, ‘कोणाच्याही धनाचा लोभ धरू नकोस’. दोन मिनिटांत संपला. आता शब्दांवर थांबा. ‘गृधः’ ज्या धातूचं रूप आहे त्याच धातूपासून ‘गृध्र’, आणि त्यावरून आपलं ‘गिधाड’. म्हणजे इथे नुसतं ‘हवंय’ असं वाटणं नाही, वर घिरट्या घालत टपून बसणं आहे. आता स्वतःकडे पाहता येतं: कुठल्या गोष्टीभोवती मन घिरट्या घालतंय? पुढचा शब्द ‘कस्य स्वित्’. शंकराचार्यांनी भाष्यात याचे दोन अर्थ दिले आहेत. पहिला वरचाच, पण त्यात ते म्हणतात, परक्याचं असो वा स्वतःचं. इथे अडायला हवं! स्वतःच्याच धनाचा लोभ म्हणजे काय? जे हातात आहे त्यावरही गिधाडासारखं बसता येतं का? दुसऱ्या अर्थात वाक्य ‘मा गृधः’पाशी तुटतं आणि पुढे प्रश्न उभा राहतो: ‘लोभ धरू नकोस. धन आहे तरी कोणाचं?’ तेच शब्द, फक्त विराम हलला, आणि आज्ञेच्या जागी विचारणा आली. एवढ्याशा वाक्यात चार दिवसांचं मनन आहे, आणि यातलं काही ओढूनताणून आणलेलं नाही. भाष्य हाताशी नसेल तरी हाच क्रम चालतो, मराठी वाक्यावरही चालतो. शब्द, उलट, अपवाद, काल.

त्यानंतर ६ मिनिटं थांबणं. मननातून जे हाती लागलं ते दोन-तीन शब्दांत आखडून घ्यायचं, वरच्या उदाहरणात ‘धन कोणाचं?’ श्वास सोडताना ते एकदा मनात म्हणायचं आणि पुढे काही जोडायचं नाही. उत्तर शोधायचं नाही. मन दुसरीकडे गेलं की त्या दोन शब्दांवर परत. पतंजलींच्या भाषेत (३.१ आणि ३.२) चित्त एका जागी बांधणं म्हणजे धारणा आणि तीच जाणीव एकसारखी वाहती राहणं म्हणजे ध्यान. जुनी उपमा तेलाच्या धारेची आहे. पाणी ओतताना धार तुटते, थेंब उडतात. तेलाची धार अखंड पडते. योगपरंपरेत बारा प्राणायामांइतका काळ म्हणजे एक धारणा आणि बारा धारणा म्हणजे एक ध्यान, असं मापही दिलेलं आढळतं. म्हणजे दोघांत जात बदलत नाही, अखंडपणा वाढतो. सहा मिनिटांत धार तुटणारच. तुटल्यावर पुन्हा धरणं हेच तेव्हाचं काम.

शेवटची २ मिनिटं वही. दोनच ओळी: आज कोणता शब्द अडला, आणि उद्या कुठून सुरू करायचं. मधे लिहू नये. पेन हातात आलं की मन चांगली वाक्यं घडवायला लागतं आणि चिंतनाचा लेख होतो.

मोबाइलचा गजर लावायचा तर शेवटचा एकच लावा. टप्प्याटप्प्यांचे गजर लावले की मन पुढच्या गजराची वाट पाहत बसतं. टप्पे अंदाजाने सांभाळावेत, दोन मिनिटं इकडे-तिकडे झाली तरी बिघडत नाही.

---

उंबरा

तिसऱ्या प्रश्नाबद्दल.

काय बिघडतं याची मला माहीत असलेली सर्वांत नेमकी यादी गौडपाद या जुन्या वेदान्ताचार्यांच्या माण्डूक्यकारिकांत आहे, तिसरं प्रकरण, ४४ आणि ४५ या कारिका (म्हणजे श्लोक). पुढे सदानंदांच्या वेदान्तसारात हेच चार विघ्न म्हणून नावानिशी येतात: लय, विक्षेप, कषाय, रसास्वाद. ती सांगितली आहेत समाधीच्या संदर्भात, पण पंचवीस मिनिटांच्या बैठकीतही हुबेहूब हीच चार येतात. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की दुखणं वाढतं, म्हणून आधी ओळखणं महत्त्वाचं.

लय म्हणजे तुमची पेंग. इथे कारिका ‘जागं कर’ म्हणते. आधी साधी कारणं तपासा: भरल्या पोटी बसणं, अपुरी झोप, डोळे पूर्ण मिटलेले, खोली कोंदट. जेवणानंतर निदान दोन तास जाऊ द्यावेत. बैठकीत पेंग आली तर नजर वर करून समोरच्या भिंतीवर आणावी, पाठ एकदा सैल सोडून पुन्हा उभी करावी आणि वाक्य मोठ्याने म्हणावं. तरीही जात नसेल तर उभं राहून किंवा संथ चालत पुढे न्यावं. एक कारण मात्र आतलं आहे. मननाचे टप्पे गाळून थेट ‘थांबण्या’वर उडी मारली की मनाला काम उरत नाही आणि ते झोपतं. रोज त्याच मिनिटाला पेंग येत असेल तर मननाची दहा मिनिटं खरोखर वापरली जातात का, ते पाहा.

विक्षेप म्हणजे भटकणं. उपाय शमवण्याचा, जागं करण्याचा नाही. इथे पाठ ताणणं, मोठ्याने म्हणणं यांनी मन आणखी उसळतं. श्वास लांब सोडा, वाक्य आखूड करा, वेग कमी करा.

कषाय सगळ्यांत फसवा. झोप नाही, भटकणंही नाही, पण मन बोथट, कोरडं, अडून बसलेलं. ‘कषाय’ म्हणजे रंग किंवा काढ्याचा तुरटपणा. खोल बसलेल्या आवडीनिवडींचा डाग, असा रोख. इथे कारिका ‘जाण’ एवढंच सांगते, दुरुस्त कर म्हणत नाही. आता हा थर आहे, हे ओळखून तसंच बसून राहायचं. जबरदस्तीने रस आणायचा प्रयत्न केला की त्रागा येतो आणि उद्या बसायचाच कंटाळा येतो. ‘माझी प्रगती थांबली’ म्हणून लोक साधना सोडतात, ती बहुधा या टप्प्यावर.

रसास्वाद म्हणजे निवांतपणाची गोडी लागणं. बैठक सुखाची होते आणि मग त्या सुखासाठीच बसणं सुरू होतं. वचन मागे पडतं. ओळखायची खूण सोपी आहे: बैठक संपल्यावर आजचा अडलेला शब्द सांगता येत नाही, फक्त ‘छान वाटलं’ एवढंच सांगता येतं.

४४व्या कारिकेत आणखी एक सूचना आहे ती सहसा वाचून पुढे जातात. चित्त सम झालं की त्याला हलवू नये. आपण नेमकं हलवतो: ‘जमलं की काय?’ असं तपासून. तपासणारा विचार आला की समपणा गेला. तपासायचं ते शेवटच्या दोन मिनिटांत, वहीत.

---

सावकाश

तिघांचेही आभार. पेंग आणि ‘दोन मिनिटांत संपलं’ हे आता उलगडलं. विक्षेपाबद्दल अजून विचारायचं आहे. मन भलतीकडे जातं तेव्हा ते खऱ्या, न सुटलेल्या प्रश्नावरच जातं. मग तोच प्रश्न चिंतनाला घेतला तर? की ती चिंताच होणार? आणि चिंता व चिंतन यांच्यात बसल्या जागी ओळखता येईल असा फरक काय?

---

पाणवठा

हा प्रश्न फार जुना आहे आणि त्याचं उत्तर एका शब्दाभोवती फिरतं: रवंथ.

ख्रिस्ती मठांत वचन तोंडात घोळवत राहण्याला रवंथच म्हणत आणि ती चांगली गोष्ट मानत. वर आलेल्या ग्विगोने तर शिडीच अन्नाच्या भाषेत सांगितली आहे. वाचन घास तोंडात घालतं, मनन तो चावतं, प्रार्थना त्यातून रस काढते, आणि चौथी पायरी म्हणजे ती गोडीच. आजच्या मानसशास्त्रात मात्र ‘रूमिनेशन’, म्हणजे रवंथच, हे दुखण्याचं नाव आहे. एकच शब्द दोन टोकांना का गेला, हे पाहिलं की फरक हाती येतो. गाय रवंथ करते ती पचवण्यासाठी, आणि चघळून झालं की गिळते. आपण चिंता करतो तेव्हा तोच घास चघळतो आणि गिळत कधीच नाही.

या विषयावर मानसशास्त्रज्ञ सुझन नोलन-होक्सेमा यांचं काम पायाभूत आहे. २००३ साली त्यांनी सहकाऱ्यांसोबत या रवंथाचेच दोन भाग वेगळे करून दाखवले. एक, प्रश्न सुटावा म्हणून आत वळून पाहणं. दुसरं, ‘असं व्हायला हवं होतं आणि झालं नाही’ या तुलनेत नुसतं रेंगाळणं. त्या अभ्यासात आत वळून पाहणाऱ्यांचंही मन त्या वेळी जड आढळलं, पण पुढे काळ गेल्यावर त्यांची उदासी उतरलेली होती. रेंगाळणाऱ्यांची तेव्हाही जास्त आणि पुढेही जास्त. म्हणून बैठकीत जड वाटलं एवढ्यावरून ‘चुकतंय’ असा निष्कर्ष काढू नये.

बसल्या जागी ओळखायचं तर वाक्याचं व्याकरण ऐकावं. मनात चाललेलं वाक्य भूतकाळी आणि ‘हवं होतं’ने संपणारं असेल, ‘माझ्याच वाट्याला का’ अशा थाटाचं असेल, आणि तेच वाक्य तिसऱ्यांदा जसंच्या तसं येत असेल, तर ती चिंता. चिंतनात शब्द तोच राहतो पण वाक्य बदलतं. दर फेरीला काही वेगळं दिसतं. वर ‘धन कोणाचं’मध्ये तेच झालं. तीन फेऱ्यांत काहीच नवं आलं नाही तर थांबावं. ही तीन फेऱ्यांची मर्यादा कागदावर लिहूनच ठेवा.

स्वतःचा प्रश्न चिंतनाला घेता येतो, पण जसा मनात आहे तसा नाही. आधी त्याची भाषा बदलावी लागते.

‘का’ काढून ‘काय’ घालायचं. ‘हे माझ्याच बाबतीत का होतं?’ याऐवजी ‘यात माझ्याकडे ठरवण्यासारखं काय आहे?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर नेहमी एखादा आरोप असतो, स्वतःवर नाहीतर दुसऱ्यावर. दुसरा प्रश्न मनाला हद्द घालून देतो. दुसरं, ‘मी’च्या जागी स्वतःचं नाव घालून वाक्य लिहा, जणू ओळखीच्या माणसाबद्दल लिहिताय. मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत एवढ्या बदलानेही ताणाच्या प्रसंगी माणसं स्वतःला जास्त नीट सांभाळताना दिसली. आणि प्रश्न ताजा नको. आजचं भांडण आज घेऊ नये. आठवडाभर वचनावर बसण्याची सवय झाली की मग एखादा जुना, थंड झालेला प्रश्न घ्यावा.

आता नको त्या विचाराचं काय करायचं. मज्झिम निकाय या पाली बौद्ध ग्रंथातल्या विसाव्या सुत्तात (उपदेशात), वितक्कसंठान सुत्तात, यासाठी पाच उपाय ओळीने दिले आहेत आणि ओळच महत्त्वाची आहे. आधी त्याच्या जागी दुसरा चांगला विचार ठेवायचा, जसा सुतार बारीक खुंटी ठोकून जाडी खुंटी बाहेर काढतो. जमलं नाही तर त्या विचाराचा तोटा पाहायचा. तेही नाही तर त्याकडे लक्षच द्यायचं नाही, नको ते दृश्य दिसल्यावर डोळे मिटावेत तसं. चौथा उपाय त्याचा जोर पायरीपायरीने उतरवण्याचा. घाईने चालणारा माणूस स्वतःला विचारतो, मी घाईने का चालतोय? आणि सावकाश चालतो. मग उभा राहतो, बसतो, आडवा होतो. दात आवळून दाबून टाकणं हे अगदी शेवटचं. बहुतेक लोक दात आवळण्यापासूनच सुरुवात करतात आणि पहिल्या दहा मिनिटांत थकतात. बैठक यांनी सांगितलेलं ‘अडलेल्या शब्दावर परत’ हा या यादीतला पहिला उपाय आहे, बारीक खुंटी.

एक इशारा मनापासून. जवळचं कोणी गेल्याचं दुःख ताजं असेल, उदासीवर उपचार सुरू असतील, जुना आघात पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत असेल किंवा रात्रीची झोपच उडाली असेल, तर स्वतःचा प्रश्न घेऊन एकट्याने शांत बसू नये. अशा वेळी शांतता त्या आठवणींनाच जागा करून देते. दहा मिनिटं पुरे, डोळे उघडे, शक्यतो चालत, आणि वचन तटस्थ घ्यावं. बसल्यानंतर छातीत धडधड, श्वास अडकणं, सगळं खोटं किंवा लांब गेल्यासारखं वाटणं, असं होत असेल तर बैठक तिथेच थांबवून मानसोपचाराच्या डॉक्टरांशी बोलावं.

---

बैठक

@पाणवठा, उत्तम. तीन फेऱ्यांची मर्यादा मीही आता क्रमात धरतो. एका ठिकाणी थोडा वेगळा विचार: स्वतःच्या प्रश्नावर बसताना लिहिण्याचा नियम उलटा करावा असं मला वाटतं. वचनावर बसताना मधे लिहू नये हे कायम, पण प्रश्नावर बसताना मननाची दहा मिनिटं हातानेच लिहावीत. मनात एकच वाक्य तीन वेळा आलं तर कळत नाही. कागदावर तेच तीनदा दिसलं की लगेच कळतं.

---

पाणवठा

मान्य. फक्त तो कागद ठेवायचा नाही. बैठक संपली की ‘ठरवण्यासारखं काय’ याचं जे एक उत्तर निघालं असेल ते वहीत उतरवून बाकीचा फाडून टाकावा. नाहीतर दुसऱ्या दिवशी तोच वाचला जातो आणि चघळणं पुन्हा तिथूनच सुरू होतं.

---

सावकाश

उद्यापासून ‘मा गृधः’ घेऊन सात दिवस, २५ मिनिटं, बैठक यांच्या क्रमाने. एक शेवटची शंका: मधला एखादा दिवस चुकला तर सात पुन्हा पहिल्यापासून मोजायचे का?

---

उंबरा

नाही. योगसूत्रात (१.१४) अभ्यास पक्का व्हायला तीन अटी आहेत: दीर्घ काळ, खंड न पडणं आणि आदर. तेव्हा खंड पडू देऊ नये हे खरंच. पण पडला तर मोजणी पहिल्यापासून करून शिक्षा भोगल्यासारखं करू नये, त्यात आदर जातो. राहिलेला दिवस शेवटी जोडा. आणि २५ मिनिटं शक्यच नसतील त्या दिवशी फक्त वाचनाची चार मिनिटं करा, वाक्य तीनदा, अडलेला शब्द वहीत. धागा तुटत नाही.